दोन किलोमीटर जास्त

१

वहिनीला स्टिअरिंगवरून उठवलं, तेव्हा बसमध्ये एकोणतीस मुलं बसलेली होती. डेपोचा सुपरवायझर शाळेच्या फाटकाशी येऊन थांबला होता. त्याने खिडकीशी जाऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. ती उतरली, छातीवरचा बिल्ला काढून त्याच्या हातात दिला, खिशातलं स्लिपांचं पॅड दिलं, मुलांना वर्गापर्यंत सोडलं आणि पायी घरी आली. हे सगळं तिने मला उभ्याउभ्या सांगितलं, पाण्याचा ग्लासही घेतला नाही. माझी वहिनी रडणाऱ्यातली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

झालं होतं असं. सोमवारी पहाटे मोठ्या चौकात एका पेपरवाल्याला पांढऱ्या गाडीने उडवलं. सव्वासहाला झाडूवाल्याला तो रस्त्याच्या कडेला सापडला, मांडीचं हाड मोडलेलं. कितीला धडक बसली हे त्याला सांगता येत नव्हतं, फक्त अंधार होता एवढं आठवत होतं. आणि पळणाऱ्या गाडीच्या मागच्या काचेवरचा पिवळा गोल स्टिकर. तो स्टिकर आमच्याच गावातल्या भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसचा. पोलिस बुधवारी तिथे गेले, तेव्हा सोमवारी सकाळी परत आलेल्या एकाच गाडीच्या तपासणी कागदावर डावा दिवा फुटलेला आणि बंपर आत गेलेला अशी नोंद होती. ती गाडी वहिनीने आणली होती.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या गावी होतं. माझ्या गाडीचा क्लच नेमका त्याच आठवड्यात गेला, म्हणून भाड्याची गाडी. म्हणजे मूळ दोष द्यायचाच तर माझ्या क्लचला द्यायला हवा.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला डेपोत बैठक होती. धडक देऊन पळालेल्या माणसाला शाळेची बस पुन्हा मिळत नाही, या डेपोत नाही आणि दुसऱ्या कुठल्याही नाही. वहिनी एकवीस वर्षं बस चालवते. आज गुरुवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते.

मी अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या विम्याची सर्व्हेअर होते. लोक चेहरे वाचतात, मी पोचे वाचले. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून नोकरी सोडली, पण ढुंगण टेकून बसायची सवय काही लागली नाही. मी चपला घातल्या, मग काढल्या, आणि आधी वहिनीलाच समोर बसवलं.

२

"सगळं सांग. अगदी कंटाळवाणं वाटेल तेसुद्धा," मी म्हटलं.

तिने सांगितलं. शुक्रवारी दुपारी गाडी घेतली. बस सुरू करण्याआधी ड्रायव्हर बसभोवती एक फेरी मारतो, तशी तिने या गाडीभोवती मारली आणि चहूबाजूंनी फोटो काढले. गाडी भाड्याने घेताना शहाण्या माणसाने हेच करायचं असतं, उद्या कुणी जुना ओरखडा आपल्या माथी मारू नये म्हणून. फोटो लख्ख होते. दिवा धड, बंपर धड.

तेच आता तिच्या गळ्याशी आलं होतं. गाडी नेली तेव्हा धड होती, याचा सगळ्यात चांगला पुरावा तिनेच काढून ठेवला होता.

रविवारी रात्री ती आईला घेऊन परतली. सोमवारी बारापर्यंत गाडी परत केली नाही तर आणखी एका दिवसाचं भाडं लागतं, आणि तिची ड्यूटी साडेसहा ते दोन. म्हणून पहाटे सव्वापाचला ती घरून निघाली, त्याच मोठ्या चौकातून गेली, आणि गाडी ऑफिसच्या बंद यार्डाबाहेरच्या जागेत लावली. यार्डातला दिवा बंद होता. गाडीचे बाहेरून काढलेले फोटो नुसते काळे आले. फक्त मीटरचा फोटो स्पष्ट होता, कारण मीटरला स्वतःचा उजेड असतो. वेळ पाच बत्तीस, आकडा ४८,३१६. मग तिने इंजिन बंद केलं, चावी भिंतीतल्या चावीपेटीत टाकली आणि डेपोपर्यंत चालत गेली.

"चावीला स्लिप बांधली होती," ती म्हणाली. "मीटर, पेट्रोल, वेळ. रबर लावून."

"कुणी मागितली होती?"

"कुणी नाही. चावी नुसती टाकायला हात होईना."

आई आतल्या खोलीतून डोळ्यावरची पट्टी सावरत आली. आमच्या आईला सुनेचं कौतुक तोंडावर करायची सवय नाही. गाडीच्या नोंदवहीत सुनेने आकडे लिहिले की आमचं घर डॉक्टरांपासून नेहमी थोडं लांबच असतं, ही तिची जुनी कुरकुर. माझी गाडी वहिनीने नेली की तिने लिहिलेले आकडे माझ्या आकड्यांशी जुळत नाहीत, हे मलाही माहीत होतं. पण आज आई म्हणाली, "मी झोपेतसुद्धा हिचे ब्रेक मोजते. दोन दिवसांत एकही कचकन लागला नाही. असल्या बाईने माणूस उडवला म्हणे."

आईची साक्ष पोलिसात चालणारी नव्हती. मी ऑफिसने दिलेल्या परतीच्या तपासणी कागदाची प्रत हातात घेतली. सोमवार, सकाळी सव्वाआठ. डावा दिवा फुटलेला, बंपर आत. मीटर ४८,३१८.

मी फोटो पाहिला, मग कागद पाहिला, मग पुन्हा फोटो. तिच्या फोटोत सोळा, त्यांच्या कागदावर अठरा.

"वहिनी, फोटो काढल्यावर गाडी हलवलीस?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"वन्सं, इंजिन बंद केलं म्हणून सांगितलं ना."

मग हे दोन किलोमीटर कुणी चालवले? यार्डाभोवती दहा फेऱ्या मारल्या तरी दोन किलोमीटर होत नाहीत. खोटं सांगायचं म्हणून लोक गाडी लावल्याचा फोटो आधी काढतात आणि मग निघतात, हे मी नोकरीत शंभरदा पाहिलं होतं. मी वहिनीकडे पाहिलं नाही. तिनेही माझ्याकडे पाहिलं नाही. मी चपला घातल्या आणि निघाले.

३

ऑफिस म्हणजे काचेचं एक काउंटर, मागे यार्ड, आणि भिंतीत पत्र्याची चावीपेटी. तिथे तीन माणसं होती. काउंटरवर केसांत पेन खोचलेली एक मुलगी, तिला मी मनातल्या मनात पेनवाली म्हणू लागले. यार्डात गाड्या धुणारे आणि तपासणारे एक काका, ज्यांच्या हातातला पाइप माझ्याशी बोलतानाही वाहत होता. आणि आत, बंद दाराआड, ऑफिस चालवणारे साहेब.

साहेब गोड बोलले. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला राग नाही, पण त्याच्या खुर्चीत मी कधी मागे रेलून बसत नाही. करारातलं कलम त्यांनी बोट ठेवून दाखवलं. ऑफिस उघडण्याआधी गाडी परत केली, तर आठ वाजता तपासणी होईपर्यंत गाडीची जबाबदारी गिऱ्हाइकाची. कलम बारीक अक्षरात होतं, पण होतं. वहिनीची सही त्याच्या खालीच होती.

"चावीपेटी कोण उघडतं?"

"मी. किल्ली माझ्याकडेच असते. आठला आलो, चावी काढली, मीटर वाचला, कागदावर लिहिला. बाकीची तपासणी काकांनी केली."

"चावीला स्लिप होती?"

"कसली स्लिप? नुसती चावी होती." मग त्यांनी हात पुढे केला, जसा डॉक्टर वाईट बातमी देताना करतो. "ताई, तुमच्या वहिनींनी फोटो काढल्यावर गाडी आणखी दोन किलोमीटर फिरलीय. ते का, हे त्यांनाच विचारा."

त्यांनी मला नेमकं माझ्याच शंकेवर आणून सोडलं होतं. मी उठले.

पेनवालीने आधी काही सांगायचं नाकारलं. मग मी सर्व्हेअर होते असं कळल्यावर तिने एक वही काढून दाखवली, तक्रारींची. तिला वाटलं मी तिची बाजू घेईन, कारण शिव्या तीच खाते. थोडे जास्तीचे किलोमीटर, थोडं कमी पेट्रोल, दहा-बारा किलोमीटरचं भाडं उगाच लावलं म्हणून भांडणं. सगळं बारीकसारीक. लोक ओरडतात, देतात आणि जातात. मी पानं चाळली आणि माझं बोट थांबलं.

"हे सगळे पहाटे गाडी परत करणारे आहेत."

"हो का?" ती म्हणाली. तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

जे आठनंतर आले, ज्यांच्या समोर मीटर वाचला गेला, त्यातल्या एकाचीही तक्रार नव्हती. म्हणजे पहाटे परत आलेल्या गाड्या आठ वाजेपर्यंत एका जागी उभ्या राहत नव्हत्या.

पाइपवाल्या काकांना मी चावीपेटीबद्दल विचारलं. ते हसले आणि खिशातली लोखंडी पट्टी काढून त्यांनी पेटीचं झाकण माझ्यादेखत उघडून दाखवलं. "किल्ली हवीच कशाला, बाई? साहेब उशिरा आले तर आम्ही काय उन्हात उभं राहायचं?" बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांना कळलं. त्यांनी पाइप बंद केला.

परत जाताना मी काउंटरमागे वाकून पाहिलं. पेनवालीच्या पायाशी शिकाऊ ड्रायव्हरची पाटी होती, दोन्ही बाजूंना दोऱ्या लावलेली, चिखलाने माखलेली.

४

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसच्या कोपऱ्यावर उभी होते. रात्री झोप आली नव्हती. आली असती तरी मी झोपले नसते. वहिनी स्वयंपाकघरात डबे घासत होती, घासलेलेच पुन्हा.

पेनवाली आली. मला पाहून ती वळून जाऊ लागली, मी तिच्याबरोबर चालू लागले. दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला मागे टाकून पळायची लाज वाटल्यामुळे ती थांबली.

"काका तुला गाडी शिकवतात," मी म्हटलं. "यार्डातल्या गाड्यांवर."

तिने मान हलवली. साडेसात ते आठ, साहेब यायच्या आधी, तेही यार्डाच्या आत. रस्त्यावर ती एकदाही गेली नव्हती. अजून तिला रिव्हर्सही नीट घेता येत नव्हतं. हे साहेबांना कळलं तर दोघांची नोकरी जाणार, म्हणून ती काल गप्प होती. मी तिला सांगितलं की मला तिच्या रिव्हर्सशी काही देणंघेणं नाही, फक्त सोमवारचं सांग.

"सोमवारी साडेसातला आले तर तीच गाडी फाटकाशी होती. मी बॉनेटवर डबा ठेवला." ती थांबली. "बॉनेट गरम होतं."

"किती गरम?"

"डबा उचलावा लागला नाही. पण हात ठेवला की कळत होतं."

थंडीच्या पहाटे साडेपाचला बंद केलेलं इंजिन साडेसातला गरम राहत नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि लगेच दुसरा बसला. ही मुलगी बैठकीत बोलणार नव्हती. तसं तिने स्वच्छ सांगितलंही. शिवाय पेटी पट्टीने उघडते, म्हणजे काका, ही मुलगी, साहेब, तिघांतलं कुणीही गाडी काढू शकत होतं. काका स्टेशनमागच्या चाळीत राहतात. साहेबांची मुलगी वसतिगृहात असते, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जाते, हेही तिच्याकडूनच कळलं. स्टेशनचा रस्ता मोठ्या चौकातून जातो.

एकच गोष्ट मला टोचत होती. "मीटरचा आकडा कागदावर कोण लिहितं?"

"काका गाडीपाशी उभे राहून ओरडून सांगतात, मी लिहिते. रोज तसंच." तिने आठवून पाहिलं. "सोमवारी कागद माझ्याकडे आला तेव्हा आकडा आधीच भरलेला होता. साहेबांच्या अक्षरात."

मग मी वर्कशॉपला गेले. ती गाडी सोमवारी दुपारीच दुरुस्तीला गेली होती, आणि हे तेच वर्कशॉप जिथे माझी गाडी क्लचसाठी पडलेली होती. मेस्त्री मला वीस वर्षं ओळखतो. बंपर बदलला होता, पण जुना बंपर त्याने टाकला नव्हता. हिरवा रंग त्यावर खरवडलेला दिसत होता, पेपरवाल्याच्या सायकलचा. आत आलेल्या गाडीचा मीटर तो रजिस्टरमध्ये लिहितो. मी रजिस्टर ओढलं. ४८,३३१.

ऑफिस ते वर्कशॉप तीन किलोमीटर. म्हणजे गाडी निघाली तेव्हा मीटर ४८,३२८ होता. वहिनीच्या फोटोत ४८,३१६. मध्ये बारा किलोमीटर. ऑफिस ते स्टेशन सहा, परत सहा.

"कुणी आणली गाडी?"

"साहेब स्वतः. येता येता पेट्रोल भरून आलो म्हणाले, लांबच्या पंपावरून."

म्हणजे त्याचं उत्तर त्यांनी आधीच पेरून ठेवलं होतं. वाटेत फिरून आलो म्हटलं की दहा किलोमीटर कुठेही जिरतात. कागदावरचे ४८,३१८ खरे असतील, तर सकाळी आठपर्यंत गाडी त्या दोन किलोमीटरपलीकडे हललीच नव्हती, आणि पेपरवाल्याला उडवलं ते वहिनीनेच, घरून येताना. मी तिथेच एका उलट्या टायरवर बसले. अकरा वाजून गेले होते.

मेस्त्री मला उगाच दिलासा द्यावा म्हणून माझ्या गाडीची नोंदवही घेऊन आला. "तुमचीही वही बघा एकदा. यात दोन अक्षरं आहेत. एका अक्षरातले आकडे माझ्या रजिस्टरशी जुळतात, दुसऱ्यातले कधीच नाही. दरवेळी दोनने जास्त."

मी वही पाहिली. जुळणारं अक्षर माझं होतं. दोनने जास्त होतं ते वहिनीचं.

५

मी वहिनीला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"तू मीटर लिहितेस तेव्हा काय लिहितेस?" मी विचारलं.

"मीटरवर असतो तो आकडा."

"वहिनी, नीट सांग. बस डेपोत आणतेस तेव्हा काय करतेस, हाताने करून दाखव. मी फोनवर ऐकते."

ती बोलू लागली आणि बोलता बोलता तिचा आवाज हळू झाला. बस गेटवर येते. स्लिप गेटवरच्या खिडकीत द्यायची असते. पण बस उभी राहते ती मागच्या शेडमध्ये, रुळांपलीकडे, दोन किलोमीटरवर. स्लिप देऊन झाल्यावर ते दोन किलोमीटर चालवायचे असतात, आणि नंतर पुन्हा गेटवर कोण येणार? म्हणून डेपोतला प्रत्येक ड्रायव्हर मीटर बघतो आणि दोन मिळवून लिहितो. एकवीस वर्षं, दिवसातून दोनदा.

"देवा," ती म्हणाली. "मी त्या गाडीलाही मिळवले असतील."

"मिळवलेच आहेस."

मी टायरवरून उठले आणि वहीच्या मागच्या पानावर तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. गाडीच्या मीटरवर सोळा होते. वहिनीच्या स्लिपवर अठरा होते. ऑफिसच्या कागदावर अठरा होते. ज्याने तो कागद लिहिला त्याने मीटर वाचलाच नव्हता. त्याने स्लिप वाचली होती, जी त्याच्या म्हणण्याप्रमाणे कधी नव्हतीच.

पण स्लिप तर त्याने केव्हाच फाडली असणार. वहिनी दोन मिळवते, हे मी कितीही घसा फोडून सांगितलं तरी घरच्या माणसाचं कोण ऐकतं?

"वहिनी, स्लिप कुठल्या कागदावर लिहिलीस?"

ती चोरी कबूल करावी तशी म्हणाली, "डेपोच्या पॅडमधली एक फाडली. खासगी कामाला वापरायची नसते ती. पण खिशात तेवढंच होतं."

डेपोच्या पॅडला खाली कार्बन असतो. वरची स्लिप फाटून जाते, खालची प्रत पॅडमध्ये राहते, छापील नंबरासकट. आणि ते पॅड गुरुवारी सकाळी सुपरवायझरने तिच्याकडून घेऊन कपाटात कुलूपबंद केलं होतं. आमच्या कुणाचाही हात त्याला लागलेला नव्हता.

मी दुपारभर फौजदारांच्या चौकीत बसले. खरं तर बसले नाही, येरझारा घातल्या. फौजदार तपासाला बाहेर गेले होते. पावणेचारला आले, त्यांनी ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि टोपी घातली. बैठकीला येतो म्हणाले, पण कपाट उघडेपर्यंत काहीच बोलणार नाही म्हणाले. कपाटाची किल्ली सुपरवायझरकडे होती, आणि सुपरवायझर शेडमध्ये, रुळांपलीकडे, दोन किलोमीटरवर.

६

पाच वाजता डेपोच्या खोलीत एक लांब टेबल होतं. एका टोकाला डेपोचे मुख्य, बाजूला फौजदार, समोर साहेब साक्षीदार म्हणून. वहिनी दाराशी उभी होती. तिला बसा म्हटलं तरी ती बसली नाही.

साहेबांनी कागद पुढे ठेवला आणि कलम वाचलं. मी त्यांना पूर्ण वाचू दिलं. मग मी एवढंच विचारलं की हा मीटरचा आकडा नक्की कुणी वाचला, कारण काकांच्या नजरेची मला जरा शंका आहे.

"मी वाचला," साहेब म्हणाले. "गाडीत बसून, माझ्या डोळ्यांनी. अठ्ठेचाळीस हजार तीनशे अठरा."

"कुणी सांगितला नाही? कुठे लिहिलेला नव्हता?"

"कुठे असणार? चावीला काही नव्हतं, हे मी आधीच सांगितलंय."

फौजदारांनी ते शब्दशः लिहून घेतलं. मी वहिनीचा फोटो ठेवला, सोळाचा. साहेबांनी मान हलवली, त्यांना तो माहीत होता. मग सुपरवायझर आला, धापा टाकत. त्याने पॅड टेबलावर ठेवलं आणि मुख्यांनी स्वतः पानं उलटली. शनिवार-रविवार काही नव्हतं. सोमवारची पहिली फेरी होती. तिच्या आधीच्या नंबराची प्रत निळ्या कार्बनमध्ये, वहिनीच्या गोल अक्षरात होती. पांढरी गाडी, पेट्रोल अर्धं, वेळ पाच पस्तीस, मीटर ४८,३१८.

मुख्यांनी आकडा वाचला आणि ते वहिनीकडे पाहून नकळत हसले. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ते स्वतः पंधरा वर्षं बस चालवून मुख्य झाले होते.

"हिने शेडचे दोन मिळवलेत," ते म्हणाले.

मी साहेबांकडे वळले. "मीटरवर अठरा कधी नव्हतेच. हिने लावली तेव्हा सोळा होते. तुम्ही तिला स्टेशनवरून आणून लावलीत तेव्हा अठ्ठावीस होते. अठरा हा आकडा जगात एकाच कागदावर होता, आणि तो कागद चावीला बांधलेला होता. तुम्ही तो पाहिलाच नाही, तर तुमच्या डोळ्यांना अठरा दिसले कुठे?"

साहेबांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग करारातल्या त्या कलमाकडे, जसं काही ते अजून त्यांना वाचवणार होतं. रोज ते जास्तीचे किलोमीटर गिऱ्हाइकाच्याच नावावर टाकत होते. त्या सोमवारी मात्र गाडी हललीच नाही असं त्यांना दाखवायचं होतं, आणि नेमका गाडी लावतानाचा आकडा चावीला बांधून कुणीतरी त्यांच्या हातात दिला होता. चालून आलेली संधी त्यांनी जशीच्या तशी उतरवून घेतली.

"मुलीची गाडी चुकली असती," ते शेवटी म्हणाले. "सहा पाचची. आणि आठपर्यंत गाडी गिऱ्हाइकाचीच असते."

त्या शेवटच्या वाक्यात त्यांना अजूनही काही चूक दिसत नव्हती. मला एवढा राग आला की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. फौजदारांनी त्यांना उठवलं.

बिल्ला आणि पॅड वहिनीला परत मिळालं. खासगी कामाला डेपोची स्लिप वापरल्याबद्दल मुख्यांनी तिला तोंडी समज दिली. नियम म्हणजे नियम, असं म्हणून त्यांनी तिला चहा पाजला.

तिथून आम्ही दोघी पेपरवाल्याला पाहायला हॉस्पिटलात गेलो. त्याचा पाय वर टांगलेला होता आणि आता घरोघरी पेपर कोण टाकतंय या काळजीत तो होता. वहिनी त्याच्यापाशी अर्धा तास बसली. तिने त्याला एकदाही सांगितलं नाही की दोन दिवस सगळे तिलाच दोषी समजत होते.

बाहेर आल्यावर ती पायऱ्यांवर थांबली. "वन्सं, काल रात्री तुम्हाला वाटलं होतं ना, मीच उडवलं म्हणून?"

खोटं बोलायची माझी इच्छा होती, आणि नोकरीत मी लोकांना भरपूर खोटं बोलताना ऐकलं होतं, त्यामुळे ते मला जमलंही असतं.

"हो," मी म्हटलं. "कालच नाही. आज सकाळपर्यंत."

तिने मान हलवली. "मलाही वाटलं होतं. रात्रभर डबे घासत तेच आठवत होते. चौकात काही लागलं का, मला कळलं नाही का. एकवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातांचा भरवसा वाटेना." तिने दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "साहेब जातील हो तुरुंगात. पण त्यांनी माझी ती एक रात्र नेली, ती कुठल्या कलमात बसते?"

अठ्ठावीस वर्षांत कुणी मला त्या नुकसानीचा अंदाज काढायला सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी गुडघ्यांचं न ऐकता सव्वासहाला डेपोत गेले. वहिनीने बसभोवती फेरी मारली, चढली, चावी लावली आणि गाडी सुरू न करता तशीच बसून राहिली. मी दारातून आत चढले आणि ड्रायव्हरच्या मागच्या, मुलांच्या पहिल्या सीटवर बसले. ती सीट फार लहान असते.

"कुठे जायचंय तुम्हाला?" तिने आरशातून विचारलं.

"कुठेच नाही. तू चालव."

तिने बस सुरू केली.